सूर आणि वेळ दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर: कोणतं काम कशाने करावं?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी,

एका गाण्याचे कच्चे ट्रॅक हातात आहेत. मुख्य गायिकेचा आवाज (एकच माईक, कोरड्या खोलीत), तिचेच दोन डबल (तेच पुन्हा गायलेले टेक), अकूस्टिक गिटार (दोन माईक) आणि ड्रम (आठ माईक). सगळं ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, क्लिक (तालाची टिकटिक) ९२ बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९२ ठोके. गायिका आता पुन्हा मिळणार नाही, त्यामुळे आहे त्यातूनच काम उभं करायचं आहे.

अडचणी अशा:

मुख्य आवाजाचा टेक भावाच्या दृष्टीने सुंदर आहे, पण लांब स्वर सुटता सुटता १५-२० सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली घसरतो. दोन ठिकाणी वरचा स्वर जवळपास ४० सेंट कमी लागलाय. गिटार क्लिकच्या मागेपुढे होते, काही ठिकाणी ३० मिलिसेकंदांपर्यंत. आणि आता सगळ्यांचं मत पडलंय की गाणं ९६ बीपीएमला जास्त चांगलं वाटेल.

स्वयंचलित पिच करेक्शनचं प्लगइन मूळ सेटिंगवर लावून पाहिलं. मींड घेतलेल्या जागा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या तुटतात आणि 'स', 'श' वर घरघर येते. मेलोडाईनसारखं काही घ्यावं का, की सेटिंग बदलून भागेल? आणि वेग बदलताना नक्की काय बिघडतं, कशामुळे बिघडतं, हेही कुणी नीट सांगितलं तर बरं होईल.

तारषड्ज

आधी दोन जातींतला फरक, कारण तुमची अर्धी अडचण त्यातच आहे.

पहिली जात ऑटो-ट्यूनची. १९९७ साली अँटारेस कंपनीने ते आणलं. अँडी हिल्डेब्रँड हे मूळचे भूकंपलहरींच्या नोंदींवर काम करणारे. त्या कामातलं ऑटोकोरिलेशनचं गणित त्यांनी आवाजाचा सूर ओळखायला वापरलं. आवाज वाहत असतानाच सूर ओळखायचा, जवळच्या स्वराकडे ओढायचा. पुढे कोणता स्वर येणार हे या पद्धतीला माहीत नसतं. दुसरी जात मेलोडाईनची, सेलेमनी कंपनीची, २००१ पासूनची. ती आधी पूर्ण टेक वाचते, त्याचे स्वर वेगळे करून पडद्यावर मांडते आणि मग एकेका स्वरावर तुम्ही हाताने काम करता. लॉजिकचं फ्लेक्स पिच आणि क्युबेसचं व्हॅरिऑडिओ याच दुसऱ्या जातीतले.

मींड तुटते ती रिट्यून स्पीड (सूर किती वेळात ओढायचा ती सेटिंग) फार जलद असल्यामुळे. गायिका एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना मधले सगळे अर्धस्वर ओलांडते. वेग ० ते १० मिलिसेकंद असेल तर प्लगइन त्या प्रत्येक अर्धस्वराला तिला पकडून उभं करतं, म्हणून पायऱ्या. दोन गोष्टी करा: क्रोमॅटिक (बाराही स्वर चालू) सोडून गाण्यात खरोखर येणारे स्वरच चालू ठेवा, आणि वेग ४० ते ६० मिलिसेकंदांवर आणा. एवढ्यानेच निम्मा त्रास जाईल.

'स', 'श', 'च' मध्ये आवर्तन नसतं, तो नुसता हवेचा आवाज. त्यात सूर शोधायला गेलं की सॉफ्टवेअरला नसलेला सूर सापडतो आणि ते त्याला ओढू लागतं. घरघर तिथली. मेलोडाईन ५ (२०२०) पासून हे घर्षणाचे आवाज आपोआप वेगळे ओळखले जातात आणि स्वर हलला तरी ते जागचे हलत नाहीत. तुमच्या प्लगइनमध्ये तशी सोय नसेल तर सगळे सकार-शकार आणि श्वास कापून दुसऱ्या ट्रॅकवर ठेवा, ज्यावर प्लगइनच नाही. कंटाळवाणं काम आहे, पण परिणाम शंभर टक्के.

आता तुमची मुख्य तक्रार, शेवटची घसरण. इथे मला हाताने काम करणारं सॉफ्टवेअरच योग्य वाटतं. तिथे प्रत्येक स्वराचे तीन भाग वेगळे धरता येतात: स्वराचा मध्य कुठे आहे, तो हळूहळू कुठे सरकतो (ड्रिफ्ट), आणि त्यावरचा कंप (मॉड्युलेशन). घसरण म्हणजे ड्रिफ्ट. तेवढंच कमी करायचं, कंपाला हात लावायचा नाही.

क्रम असा ठेवा. पूर्ण टेक आत घ्या, अल्गोरिदम 'मेलोडिक' आहे का पाहा. काहीही हलवण्याआधी नोट असाइनमेंटमध्ये जाऊन ओळख तपासा. सप्तकाच्या चुका इथेच सापडतात. आवाजात दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट वारंवारितेचा उपस्वर) मूळ सुरापेक्षा जोरकस असला की स्वर एक सप्तक वर दिसतो, आणि शब्दाच्या शेवटी आवाज खरखरला की खाली दिसतो. ही चूक राहिली तर पुढची प्रत्येक दुरुस्ती चुकीच्या पायावर होते. मग लांब स्वर जिथून घसरायला लागतो तिथे एक छेद द्या. मागच्या तुकड्याचा ड्रिफ्ट साधारण निम्म्यावर आणा, मध्य लागला तरच हलवा. ४० सेंटवाले दोन स्वर हाताने वर घ्या, पण थेट शून्यावर चिकटवू नका. ५ ते ८ सेंट कमी राहू द्या. बाकीच्या टेकला हात नको.

'करेक्ट पिच' मॅक्रो उघडून दोन्ही पट्ट्या १०० वर नेण्याचा मोह होतो. त्याने पडदा सुंदर दिसतो आणि गाणं मरतं.

मेलोडाईनच्या आवृत्तीबद्दल: इसेन्शियलमध्ये मूलभूत पिच आणि टायमिंग आहे, ड्रिफ्ट आणि मॉड्युलेशनची वेगळी साधनं नाहीत. तुमच्या कामाला असिस्टंट पुरेल. गिटारच्या कॉर्डमधला एकच स्वर सुटा करून हलवायचा असेल तरच एडिटर लागेल.

शून्यडेसिबल

तारषड्ज यांच्याशी बहुतांशी सहमत, पण "हाताने काम करणारंच" हे मला तितकंसं मान्य नाही.

घसरण आणि कंप यांत वेगाचाच फरक आहे. गायनातला कंप साधारण सेकंदाला ५ ते ७ वेळा, म्हणजे एक फेरी १४० ते २०० मिलिसेकंदांची. तुमची घसरण अर्धा-पाऊण सेकंद पसरलेली असणार. म्हणून लांब स्वरांवर रिट्यून स्पीड १२०-१५० मिलिसेकंद ठेवला तर घसरण बरीचशी सावरते आणि कंपाचा बहुतेक भाग वाचतो. अडचण एवढीच की या वेगाला छोटे स्वर दुरुस्त होईपर्यंत संपून जातात. त्यावर उपाय ऑटोमेशन, म्हणजे गाण्याच्या जागेनुसार सेटिंग आपोआप बदलत ठेवणं: ओळीच्या आतल्या छोट्या स्वरांना २५-३०, लांब स्वराला १२०, मींडेच्या जागी प्लगइन बायपास. ऑटो-ट्यूनमधलं 'ह्युमनाइझ' हेच काम थोडंफार आपोआप करतं, लांब धरलेल्या स्वरावर वेग मंदावतं. तीन मिनिटांच्या गाण्याला असं ऑटोमेशन लिहायला तासभर पुरतो.

हां, ते ४० सेंटवाले दोन स्वर मात्र हातानेच. अर्धस्वर १०० सेंटचा, म्हणजे ५० ला सीमा. ४० वर लागलेला स्वर कंपासकट खाली गेला की सीमा ओलांडतो आणि प्लगइन त्याला क्षणभर खालच्या स्वराकडे ओढतं. मग यॉडलिंगसारखा ठसका ऐकू येतो. स्केलमधून तो खालचा स्वर बंद केला तर वाचता येतं, पण तो स्वर गाण्यात इतरत्र लागत असेल तर तेही जमणार नाही.

सर्वात महत्त्वाचं सांगायचं ते वेगळंच. पडद्यावरची आडवी रेघ म्हणजे समतान स्वर (सप्तकाचे बारा सारखे भाग करून मिळणारा), आणि तोच बरोबर असतो असं नाही. शुद्ध गंधार नैसर्गिक गुणोत्तराने, म्हणजे ५:४ ने, सा पासून ३८६ सेंटवर येतो. समतान पट्टीत तो ४०० वर. १४ सेंटचा फरक. आवाजाखाली स्थिर धरलेला सा किंवा पंचम असेल तर चांगला कान असलेली गायिका ३८६ च्या आसपासच लावते, आणि सॉफ्टवेअर तिला "सुधारून" ४०० वर नेतं. ऐकणाऱ्याला कळत नाही काय झालं, पण गोडवा गेलेला असतो. पंचमात हा प्रश्न जवळपास नाही, तिथे फरक फक्त २ सेंटचा. तुमच्याकडे साथीला पडद्यांची गिटार आहे, ती समतानच वाजते, त्यामुळे गिटार वाजत असताना ४०० कडे झुकायला हरकत नाही. पण ज्या ओळीत गिटार थांबते तिथे गंधार जागचा हलवू नका.

आणि गिटार स्वतः कुठे जुळलेली आहे ते पाहिलंत का? ४४० हर्ट्झच्या भोवती १ सेंट म्हणजे सुमारे पाव हर्ट्झ. गिटार ४३७ ला जुळलेली असेल तर ती १२ सेंट खाली आहे, आणि गायिका गिटार ऐकून गायली असेल तर तीही. मग तुम्हाला दिसणाऱ्या "१५-२० सेंट" मधले १२ गिटारचेच. प्लगइनमध्ये संदर्भ वारंवारिता बदलायची सोय असते, ती आधी ठीक करा. गिटारचा एखादा मोकळ्या तारेचा लांब स्वर ट्यूनरवर पाहिला की दोन मिनिटांत कळेल.

ठोका

सुरावर वरच्या दोघांनी पुरेसं लिहिलंय. मी वेळेकडे वळतो, कारण ड्रमचे आठ माईक आणि वेग बदलायचा म्हटल्यावर खरा धोका तिथेच आहे.

९२ चे ९६ म्हणजे ४.३५ टक्के जलद, लांबी ९५.८ टक्के. आकडा छोटा आहे, काळजी करण्यासारखा नाही. पण "वेग बदलतो आणि सूर तोच राहतो" हे होतं कसं ते समजलं तर काय बिघडेल ते आधीच ओळखता येतं.

बहुतेक साधनं आवाजाचे छोटे तुकडे घेऊन प्रत्येकाचं विश्लेषण करतात आणि ते तुकडे जवळ किंवा दूर मांडून पुन्हा जोडतात. फेज व्होकोडर नावाची ही पद्धत १९६६ साली बेल लॅब्जमध्ये फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी मांडली. ४८ किलोहर्ट्झला २०४८ नमुन्यांचा (सॅम्पलचा) तुकडा सुमारे ४३ मिलिसेकंदांचा, आणि त्यात दोन वारंवारिता एकमेकींपासून ओळखायच्या तर फरक किमान २३ हर्ट्झच्या पुढे हवा. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झ, तिच्या शेजारची ११०. फरक २८. जेमतेम! अधिक स्पष्ट हवं तर तुकडा ४०९६ चा घ्यावा लागतो, पण तो ८५ मिलिसेकंदांचा होतो, आणि स्नेअरचा ठोका तर काही मिलिसेकंदांत उठतो. मग तो ठोका त्या ८५ मध्ये पसरतो, आधीच थोडा ऐकू येतो, धार जाते. तळाचे सूर सांभाळायचे तर लांब तुकडा, ठोका सांभाळायचा तर आखूड. दोन्ही एकदम मिळत नाही. म्हणूनच प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ड्रमला वेगळा, एकल आवाजाला वेगळा आणि कॉर्डना वेगळा मोड असतो. प्रो टूल्सच्या इलास्टिक ऑडिओमध्ये पॉलिफोनिक, ऱ्हिदमिक, मोनोफोनिक. एबल्टनमध्ये बीट्स, टोन्स, कॉम्प्लेक्स प्रो. चुकीचा मोड हे खराब स्ट्रेचचं (आवाज ताणण्या-आखडण्याचं) पहिलं कारण आहे.

ड्रमवर मी स्ट्रेच वापरूच नका म्हणेन. कापून सरकवा. ९२ ला अर्धी मात्रा ३२६ मिलिसेकंद, ९६ ला ३१२.५. म्हणजे प्रत्येक अर्ध्या मात्रेला छेद दिला तर प्रत्येक तुकड्याच्या शेपटातून फक्त १३.५ मिलिसेकंद जातात. वेग वाढवत असल्याने तुकडे एकमेकांवर चढतात, फटी पडत नाहीत. कमी करायचा असता तर त्या फटी भराव्या लागल्या असत्या आणि काम दुप्पट झालं असतं. क्रॉसफेड (एक तुकडा विरत दुसरा उमटणं) ५ मिलिसेकंद, आणि तो ठोक्याच्या आधी संपला पाहिजे. ठोक्यावर क्रॉसफेड आला की धार बोथट. क्रॅश झांज वाजत असेल तेवढ्या मात्रांत मधले छेद गाळा, नाहीतर झांजेच्या घुमण्यात दर छेदाला १३ मिलिसेकंदांची उडी ऐकू येते.

आठही ट्रॅक एका ग्रुपमध्ये आणि छेद सगळ्यांना अगदी त्याच नमुन्यावर. यात तडजोड नाही. स्नेअरपासून ओव्हरहेड माईक एक मीटरवर असेल तर तिथे आवाज २.९ मिलिसेकंद, म्हणजे १४० नमुने, उशिरा पोहोचतो. हा उशीर सर्वत्र सारखा आहे तोवर ड्रम भरीव वाटतो. प्रत्येक ट्रॅकला त्याच्या त्याच्या ठोक्यावर वेगळं सरळ केलंत की दर ठोक्याला हा फरक बदलतो आणि स्नेअर कधी जाड कधी पातळ वाजतो. ठोके ओळखण्यासाठी फक्त किक आणि स्नेअरचे जवळचे माईक वापरा. छेदाचा बिंदू ठोक्याच्या २-३ मिलिसेकंद आधी ठेवा.

आणखी एक पर्याय आहे, तो कुणी फारसा सुचवत नाही. टेपसारखा वेग वाढवायचा, सुरासकट. ४.३५ टक्क्यांना सूर ७४ सेंट चढतो. अख्खं गाणं एकत्र चढवलं तर आतल्या आत काहीच बिनसत नाही, फेज (लहरींची आपसातली जुळणी) जशीच्या तशी, ठोक्यांची धार जशीच्या तशी. पण ७४ सेंट हा अधांतरी आकडा आहे, नंतर कुणी कीबोर्ड वाजवायचा म्हटला तर पंचाईत. ९६ च्या ऐवजी ९७.४७ बीपीएम घेतला तर सूर बरोबर एक अर्धस्वर चढतो. फॉर्मंटही (आवाजाचा पोत ठरवणारे वारंवारितेचे पट्टे) ६ टक्के वर जातात, आवाज थोडा तरुण वाटतो. तुमच्या गायिकेच्या आवाजाला ते शोभेल की नाही ते ऐकूनच ठरवा, पण प्रयोग करायला दहा मिनिटं लागतात आणि दर्जाची हानी जवळपास शून्य.

गिटारबद्दल: ३० मिलिसेकंद सरकवणं मोठं आहे की छोटं ते मार्कर (ताणण्यासाठी ठेवलेल्या खुणा) कुठे आहेत त्यावर ठरतं. मात्रेवर मार्कर असतील तर ६५२ मधले ३०, म्हणजे साडेचार टक्के, सहज पचतात. पाव मात्रेवर असतील तर १६३ मधले ३०, म्हणजे १८ टक्के, आणि तार डगमगते. म्हणून मार्कर कमी ठेवा. आणि क्वांटाइझ (ठोके क्लिककडे ओढणं) १०० टक्के नको. झणकारात पहिल्या तारेपासून शेवटच्या तारेपर्यंतच २०-४० मिलिसेकंद जातात, त्यामुळे "नेमका ठोका" ही कल्पनाच तिथे सैल आहे. ६०-७० टक्के ओढा आणि ड्रमसोबत ऐका.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे मनापासून आभार. गिटार ट्यूनरवर पाहिली, खरोखरच ९ सेंट खाली निघाली! संदर्भ बदलल्यावर आवाजातल्या निम्म्या "चुका" नाहीशा झाल्या.

मेलोडाईनची चाचणी आवृत्ती घेऊन मुख्य आवाजावर काम केलं. घसरण छान आटोक्यात आली. ड्रमही कापून झाले. उरलेले प्रश्न:

१. वर घेतलेल्या दोन स्वरांपैकी एकाची सुरुवात चिमटल्यासारखी वाटते.
२. गिटारचे दोन्ही माईक स्ट्रेच केल्यावर आवाज पाण्याखालून आल्यासारखा, हेलकावे खाणारा. एकेक ऐकला तर ठीक.
३. डबल्स मुख्य आवाजाइतकेच सरळ केले तर तिन्ही मिळून पोकळ वाटतंय.
४. आवाजाचा वेग डीएडब्ल्यूमध्ये (रेकॉर्डिंगच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये) बदलून मग मेलोडाईनमध्ये घेतलाय. हे बरोबर केलं का?

तारषड्ज

चौथ्यापासून सुरू करतो, कारण ते उलटं झालंय. एकदा स्ट्रेच झालेला आवाज दुसऱ्यांदा सोडवून जोडला जातोय, आणि पहिल्या जोडणीचे डाग दुसरं विश्लेषण आवाजाचाच भाग समजतं. मूळ ९२ ची फाइलच मेलोडाईनला द्या. एआरएमार्फत (मेलोडाईनला डीएडब्ल्यूशी थेट जोडणारी सोय) उघडलं असेल तर प्रोजेक्टचा टेम्पो बदलल्यावर मेलोडाईन स्वतःच वेळ बदलतं, आणि सूर आणि वेळ दोन्ही एकाच फेरीत होतं. ड्रिफ्टच्या दुरुस्त्या पुन्हा कराव्या लागतील, पण कुठे काय करायचं ते आता ठाऊक आहे, तासाभराचं काम.

कंपाची काळजी नको. ४ टक्क्यांनी सेकंदाला ५.५ चा कंप ५.७ होतो, कानाला कळत नाही. २० टक्के वाढवला असता तर ६.६ झाला असता आणि घाईचा वाटू लागला असता.

चिमटण्याचं कारण बहुधा छेदाची जागा. शब्द 'ट', 'प', 'क' ने सुरू होत असेल आणि छेद व्यंजनाच्या स्फोटानंतर पडला असेल तर आकाराची पहिली काही मिलिसेकंदं आधीच्या तुकड्यात, जुन्या सुरावर राहतात, आणि मग सूर एकदम ४० सेंट उडी मारतो. छेद व्यंजनाच्या आधीच्या शांततेत घ्या. शब्द 'म', 'न', 'ल' ने सुरू होत असेल तर उलट: तिथे व्यंजनातही सूर वाहत असतो आणि गायिका त्यातूनच वर चढते, म्हणून छेद तिथेच ठेवून दोन स्वरांमधल्या जोडरेषेचा उतार हळुवार करा. वेळ ताणताना किंवा आखडतानाही हेच लक्षात असू द्या. आकार-ईकार ताणता येतो, 'ट' आणि 'क' ताणले की बोलणं जड वाटतं.

ठोका

गिटारचं उत्तर: दोन माईक वेगवेगळे स्ट्रेच झाले. प्रत्येक फाइलचं विश्लेषण स्वतंत्र झालं, फेज दोन ठिकाणी दोन तऱ्हेने जुळवली गेली, आणि एकत्र ऐकताना त्यांच्यातलं अंतर सारखं बदलत राहतं. हेलकावे त्याचेच. दोन्ही मोनो ट्रॅक डावा-उजवा करून एक स्टीरिओ फाइल बनवा, मूळ फाइलवरून, आणि ती पॉलिफोनिक मोडमध्ये एकदाच स्ट्रेच करा. मग हवं तर पुन्हा वेगळे करा. काही सॉफ्टवेअर स्टीरिओतही दोन्ही बाजू स्वतंत्र हाताळतात. तपासायला फाइल मोनो करून ऐका. तळ बारीक झाला किंवा घुमू लागला तर बाजू जोडलेल्या नाहीत असं समजा. मग स्ट्रेच सोडून गिटारही मात्रेमात्रेला कापून सरकवणं बरं. कॉर्ड बदलण्याच्या क्षणी छेद दिलात तर १०-१५ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड कानाला लागत नाही.

फुकट साधनांत रबर बँड लायब्ररीचं २०२२ पासूनचं आर-थ्री इंजिन कॉर्डवर चांगलं चालतं, आणि ते बऱ्याच डीएडब्ल्यूंत आतून वापरता येतं. ऑडॅसिटीत ३.४ (२०२३) पासून क्लिप ताणता येते आणि ३.५ (२०२४) पासून मूळ आवाज न बदलता सूर हलवता येतो. फक्त तिथल्या 'चेंज स्पीड' आणि 'चेंज टेम्पो' यांत गल्लत करू नका, पहिल्यात सूरही चढतो.

शून्यडेसिबल

डबल्सचं मी सांगतो. तीन टेक एकत्र छान वाटतात ते त्यांच्या लहान लहान फरकांमुळे. तिन्ही एकाच रेघेवर आणि एकाच क्षणावर आणले की ते जवळपास एकाच आवाजाच्या तीन प्रती होतात, आणि त्यांच्यात उरलेलं मिलिसेकंदा-दोन मिलिसेकंदाचं अंतर कंगव्यासारखं ठराविक पट्टे खोडतं. एक मिलिसेकंद अंतराला ५०० हर्ट्झ, १५००, २५०० असे खड्डे पडतात. आवाजाचा गाभाच त्यात येतो, म्हणून पोकळ.

डबल्सवरची सूरदुरुस्ती बरीचशी काढून टाका. १०-१५ सेंट इकडेतिकडे राहू द्या, फक्त २५ च्या पुढे गेलेले स्वर जवळ आणा. वेळ मात्र वेगळ्या तऱ्हेने: शब्दांचे शेवट मुख्य आवाजाशी जुळवा, सुरुवाती १५-२५ मिलिसेकंद मागे असल्या तरी चालतील. 'त', 'ट', 'स' तिघांचे तीन वेळा ऐकू आले तर गोंगाट वाटतो, म्हणून डबल्समधले सकार आवाज कमी करून दाबा किंवा सरळ कापा. हे जुळवणं हाताने करायचं नसेल तर व्होकअलाइन हे सॉफ्टवेअर मुख्य आवाजाला आदर्श धरून डबलची वेळ आपोआप ओढतं. त्यातही घट्टपणा पूर्ण ठेवू नका.

दुसरं, ओढाताणीच्या या साखळीत कॉम्प्रेसर आणि रिव्हर्ब कुठे आहेत? ते सूरदुरुस्तीच्या नंतरच हवेत. रिव्हर्बची शेपूट आवाजासोबत आत गेली तर मागचा स्वर पुढच्याखाली वाजत राहतो आणि ओळख गोंधळते. क्लिक हेडफोनमधून माईकमध्ये पाझरला असेल तर तोही आवाजासोबत ओढला जातो आणि शांत जागी वेगळ्या वेळेला टिकटिकतो. ९२ चे ९६ करताना हे विशेष जाणवेल, कारण तो जुना क्लिक नव्या ड्रमशी जुळणार नाही. शांत जागा एकदा हेडफोनवर ऐकून तिथे आवाज पूर्ण बंद करा.

मंद्रसप्तक

मूळ फाइलवरून पुन्हा केलं. छेद 'प' च्या आधी घेतल्यावर चिमटा गेला. गिटार स्टीरिओ करून एकदाच ताणली, मोनोतही तळ टिकून आहे. क्लिक खरंच पाझरला होता, दुसऱ्या कडव्याच्या आधी तीन ठिकाणी सापडला.

एकच शेवटचं: सगळं पक्कं करून नव्या फाइलमध्ये उतरवू का, की प्लगइन जिवंत ठेवू?

तारषड्ज

मिक्सला बसण्याआधी उतरवा. ३२ बिट फ्लोटमध्ये, प्रोजेक्टच्याच ४८ किलोहर्ट्झला, गाण्याच्या शून्य बिंदूपासून. सॅम्पल रेट चुकून ४४.१ चा शिक्का घेऊन बाहेर पडला आणि दुसरीकडे तसाच वाजला तर सूर १४७ सेंट उतरतो आणि लांबी जवळपास ९ टक्के वाढते. हे एकदा तपासून घ्या. काही डीएडब्ल्यू वाजवताना हलका अल्गोरिदम वापरतात आणि उतरवताना जड, त्यामुळे उतरवलेली फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय जुना ट्रॅक बंद करू नका. मूळ ९२ चा टेक आणि मेलोडाईनचा ट्रॅक दोन्ही म्यूट करून प्रोजेक्टमध्येच राहू द्या. ऐकताना पडदा बंद ठेवा. जिथे कान अडखळेल तिथेच परत जा.

शून्यडेसिबल

आणि गिटार थांबते त्या ओळीतला गंधार तेवढा पुन्हा एकदा ऐका. तिथे दुरुस्ती बंद-चालू करून, आवाजाखाली नुसता सा धरून. बंद असताना गोड लागला तर तो मुळात जसा गायला होता तसाच ठेवा.